आरोग्याचा हक्क कुणाकडे मागायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आशाताई, बचत गटातल्या बाया, कायद्याचे विद्यार्थी आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यासाठी आम्ही आरोग्यहक्कांची प्रशिक्षणं घेतो. तिथे आणि नंतर फोनवर, व्हॉट्सॲपवर जे प्रश्न फिरून फिरून येतात ते इथे एकत्र केले आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवले आहेत. सुरुवातीला पाया आहे, अडचणीचे आणि अपवादाचे प्रश्न पुढे. घाई असेल तर थेट प्रश्न १७ वर जा.

१. "आरोग्य हा मूलभूत मानवी हक्क आहे" म्हणजे सरकारनं मला निरोगी ठेवायचं, असं का?

नाही. कुणाला कोणता आजार होईल हे कोणत्याही सरकारच्या हातात नसतं. वय, आईवडिलांकडून आलेलं शरीर, आपल्या सवयी हे सगळं त्यात येतं. म्हणून आरोग्यहक्काच्या आंतरराष्ट्रीय करारात (त्याचं नाव प्रश्न २ मध्ये आहे) "निरोगी असण्याचा हक्क" असे शब्द नाहीत. तिथे "गाठता येण्याजोगी आरोग्याची सर्वोच्च पातळी" असे आहेत. ती पातळी गाठायला जे लागतं, ते सरकार देणं लागतं: दवाखाने, औषधं, लसी, पिण्याचं पाणी, सांडपाण्याची सोय, पुरेसं अन्न, धोका नसलेली कामाची जागा आणि समजेल अशी माहिती.

या हक्काला दुसरीही एक बाजू आहे, ती बऱ्याचदा विसरली जाते. तुमच्या शरीराला तुमच्या संमतीशिवाय हात लावायचा नाही. जबरदस्तीची नसबंदी किंवा न सांगता केलेला औषधप्रयोग हासुद्धा आरोग्याच्या हक्काचा भंगच आहे.

प्रशिक्षणात आम्ही सरकारची तीन कर्तव्यं अशी सांगतो: स्वतः आड येऊ नये, दुसऱ्याला आड येऊ देऊ नये, आणि जिथे सोय नाही तिथे ती करावी. हक्क म्हटला की देणं लागणारा कुणीतरी असतोच. तो कोण, हे ओळखणं ही निम्मी लढाई आहे, आणि पुढची बहुतेक उत्तरं त्याभोवतीच फिरतात.

२. हे नेमकं लिहिलंय कुठे? कुणी विचारलं तर काय दाखवायचं?

सगळ्यात आधी जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेत. १९४५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत ब्राझील आणि चीनच्या प्रतिनिधींनी अशा संघटनेचा आग्रह धरला. २२ जुलै १९४६ रोजी न्यूयॉर्कमध्ये ६१ देशांनी तिच्या घटनेवर सह्या केल्या. वंश, धर्म, राजकीय मत, आर्थिक वा सामाजिक स्थिती यांवरून भेद न करता आरोग्याची सर्वोच्च पातळी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क आहे, असं तिच्या प्रास्ताविकात आहे. ही घटना ७ एप्रिल १९४८ रोजी लागू झाली, म्हणून त्या दिवशी जागतिक आरोग्य दिन असतो. स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर १९५० मध्ये या संघटनेच्या महासभेच्या अध्यक्षा होत्या.

मग १० डिसेंबर १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा आला. त्याचा २५ वा अनुच्छेद अन्न, वस्त्र, निवारा आणि वैद्यकीय मदत एकत्रच मांडतो. पण जाहीरनामा म्हणजे जाहीरनामा. देशांना बांधून घेणारा कागद आहे तो आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार. तो १९६६ मध्ये मंजूर झाला आणि १९७६ मध्ये लागू झाला. दाखवायचा असेल तर त्याचा अनुच्छेद १२ दाखवा. बालमृत्यू कमी करणं, कामाच्या जागेची आणि पर्यावरणाची स्वच्छता, साथींना आणि धंद्यातून जडणाऱ्या आजारांना आळा, आणि आजारपणात सर्वांना उपचार, ही चार कामं त्यात नावानिशी दिली आहेत. महिला, बालक आणि अपंग व्यक्ती यांच्यासाठीच्या स्वतंत्र करारांतही आरोग्याचे अनुच्छेद आहेत.

अनुच्छेद १२ आहे फार छोटा. त्याचा अर्थ कसा लावायचा, हे करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीनं २००० साली "सर्वसाधारण टिप्पणी क्रमांक १४" काढून सांगितलं. प्रश्न ५ आणि ६ ची उत्तरं तिच्यातूनच येतात.

३. भारतानं या करारावर सही केली आहे का? मग तो आपल्याकडे कायदाच झाला ना?

पहिल्याचं उत्तर हो. भारत १० एप्रिल १९७९ पासून या कराराचा सदस्य आहे. महिला, बालक आणि अपंग व्यक्ती यांच्या करारांतही आहे.

दुसऱ्याचं उत्तर थेट "हो" नाही. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय करार आपोआप कायदा होत नाही, त्यासाठी संसदेनं कायदा करावा लागतो. तरी तो नुसता शोभेचाही राहत नाही. संविधानाचा अनुच्छेद ५१ राज्यसंस्थेला आंतरराष्ट्रीय कायद्याचा आदर वाढवायला सांगतो. १९९७ च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयानं महिलांच्या करारावरून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध नियमच घालून दिले, तोवर देशात तसा कायदा नव्हता. १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यात तर "मानवी हक्क" या शब्दाच्या व्याख्येतच हा करार घेतला आहे, भारतातल्या न्यायालयांना अंमल करता येईल तितपत.

म्हणून तक्रारीत नुसतं "अनुच्छेद १२ चा भंग" एवढंच लिहून थांबू नका. आधी देशातला कायदा किंवा निकाल लिहा, त्याला आधार म्हणून करार जोडा. नुसत्या करारावर उभी केलेली तक्रार टेबलावरून परत येते, हे मी बरेचदा पाहिलं आहे.

४. आपल्या संविधानात मूलभूत हक्कांच्या यादीत आरोग्य नाही असं वाचलं. खरं आहे का?

शब्दानं पाहिलं तर खरं आहे. सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे अनुच्छेद ४७ मध्ये, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत आहे, आणि ती तत्त्वं न्यायालयातून थेट मागता येत नाहीत. पण अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्कात आरोग्य येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. १९९५ चा ॲस्बेस्टॉस कामगारांचा निकाल त्यातला महत्त्वाचा. कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयानं त्यात म्हटलं.

मला इथे नेहमी भोर समितीची, म्हणजे इंग्रजांच्या काळात देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या समितीची आठवण येते. पैसे नाहीत म्हणून कुणालाही पुरेसे उपचार मिळाले नाहीत असं होऊ नये, असं या समितीनं १९४६ सालीच लिहून ठेवलं, जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेवर सह्या झाल्या त्याच वर्षी. म्हणजे हा विचार काही बाहेरून आणलेला नाही. २०२३ मध्ये राजस्थाननं आरोग्यहक्काचा कायदा केला. महाराष्ट्रात तसा सर्वंकष कायदा अजून नाही, तो व्हायला हवा असं माझं ठाम मत आहे.

५. सरकार म्हणतं पैसे नाहीत. मग हक्काचं काय?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आहे.

करार स्वतःच कबूल करतो की सगळं एका दिवसात होत नाही. "उपलब्ध साधनांचा जास्तीत जास्त वापर करून टप्प्याटप्प्यानं" असे त्याचे शब्द आहेत. पण "टप्प्याटप्प्यानं" म्हणजे "बघू पुढे" नव्हे. काही गोष्टींना टप्पा नाही. भेदभाव आजच बंद व्हायला हवा. ठोस पावलं आजपासूनच टाकायला हवीत. आहे ती सोय सबळ कारणाशिवाय काढून घेता येत नाही. अत्यावश्यक औषधं, किमान अन्न, पिण्याचं पाणी आणि सोयींची न्याय्य वाटणी हा गाभा आहे, आणि समितीच्या मते कोणत्याही सबबीवर तो सोडता येत नाही.

न्यायालयात हे कसं उतरतं ते दक्षिण आफ्रिकेच्या दोन निकालांत दिसतं. १९९७ साली डर्बनमध्ये मूत्रपिंडं निकामी झालेला एक ४१ वर्षांचा माणूस सरकारी रुग्णालयात डायलिसिस मागत होता. यंत्रं थोडी, रुग्ण पुष्कळ. ज्यांना मूत्रपिंड बदलता येण्याची आशा आहे त्यांना आधी, असा रुग्णालयाचा नियम होता. त्याला हृदयविकारही होता, त्यामुळे तो नियमात बसत नव्हता. संविधान न्यायालयानं नियम प्रामाणिक आणि समंजस आहे असं म्हणून त्याची मागणी नाकारली. निकालानंतर काही दिवसांतच तो गेला. वर्गात हे सांगितलं की कुणीच काही बोलत नाही, आणि मीही लगेच पुढे जात नाही.

२००२ चा खटला वेगळा. आईकडून बाळाला एचआयव्ही होऊ नये म्हणून नेव्हिरापिन नावाचं औषध होतं, कंपनी ते सरकारला पाच वर्षं फुकट द्यायला तयार होती. सरकारनं मात्र ते प्रत्येक प्रांतातल्या मोजक्या प्रायोगिक केंद्रांपुरतंच ठेवलं. बाकी सरकारी रुग्णालयांतल्या डॉक्टरांना ते देता येत नव्हतं. इथे न्यायालयानं बंधन उठवायला लावलं. दोन्ही वेळा संविधानातलं कलम एकच होतं. पहिल्या वेळी सरकारकडे खरंच यंत्रं नव्हती आणि वाटपाला नियम होता, दुसऱ्या वेळी औषध हातात असूनही अडवलेलं होतं.

आपल्याकडचा १९९६ चा पश्चिम बंगालचा निकाल जरूर माहीत करून घ्या. रेल्वेतून पडून डोक्याला जबर मार लागलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी "खाट नाही", "सोय नाही" म्हणत परत पाठवलं, आणि शेवटी त्याला खासगीत पैसे भरून उपचार घ्यावे लागले. सर्वोच्च न्यायालयानं त्याला २५ हजार रुपये भरपाई दिली. आर्थिक अडचण दाखवून राज्याला हे संविधानिक कर्तव्य झटकता येणार नाही, असंही बजावलं. तो तातडीच्या उपचारांचा प्रश्न होता. वैद्यकीय बिलांच्या परताव्याला मर्यादा घालणारं पंजाबचं धोरण मात्र याच न्यायालयानं १९९८ मध्ये मान्य केलं. म्हणजे प्रत्येक खर्च मागता येतोच असं नाही.

"पैसे नाहीत" असं ऐकलं की माहिती अधिकारात तीन गोष्टी विचारा: तरतूद किती होती, खर्च किती झाला, आणि कशावर झाला. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी थेट आपल्या खिशातून केला. सरकारचा आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्के होता, तर २०१७ च्या आरोग्य धोरणानं २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलं होतं.

६. आमच्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, इमारतही नवी आहे. तरी हक्काचा भंग होतो असं म्हणता येतं का?

येतं. टिप्पणी १४ चार कसोट्या लावते: सोय आहे का, ती गाठता येते का, लोकांना स्वीकारता येते का, आणि तिचा दर्जा ठीक आहे का.

माझ्या मामांना भातकापणीच्या दिवसांत रात्री साप चावला. पुतण्यानं मोटरसायकलवर मध्ये बसवून त्यांना केंद्रात नेलं. सर्पदंशाची लस होती, रजिस्टरमध्ये सहा कुप्या शिल्लक दिसत होत्या. फ्रिजला कुलूप होतं आणि किल्ली ज्यांच्याकडे ते घरी गेले होते, दुसऱ्या गावाला. किल्ली येईस्तोवर पाऊण तास गेला. मामा वाचले, पण पायाची दोन बोटं गेली. कागदावर सोय "आहे" होती, ती गाठता येत नव्हती. मी हे उदाहरण प्रत्येक वेळी सांगते, कारण नंतर बायका आपापल्या केंद्राच्या किल्लीची चौकशी करायला लागतात.

गाठता येणं यात अंतर येतं, खर्च येतो, अपंगांसाठी उतार येतो आणि माहितीही येते. सरकारी चिठ्ठीवर "बाहेरून आणा" लिहिलं की सोय खर्चाच्या अंगानं गाठता येत नाही, असं समजा.

७. दवाखान्यात बोललेलं आमच्या बायांना कळतच नाही. ही पण तक्रार होऊ शकते?

हो. प्रश्न ६ मधली तिसरी कसोटी हीच आहे. उपचार लोकांच्या संस्कृतीचा मान राखणारे हवेत. मेळघाटात कोरकू आणि गडचिरोलीत गोंडी, माडिया बोलणाऱ्या बाईला मराठीत विचारून संमतीचा अंगठा घेतला, तर ती संमती कशी म्हणायची? डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या "सर्च" संस्थेनं शोधग्राममधला दवाखाना आदिवासी वस्तीसारखा बांधला आणि त्याला माँ दंतेश्वरीचं नाव दिलं. स्वीकारता येणं म्हणजे काय, ते तिथे डोळ्यांनी दिसतं.

८. हे सगळं सरकारी दवाखान्यांचं झालं. खासगी रुग्णालयाला मानवी हक्क लागू होतात का?

करार सरकारला बांधतो, रुग्णालयाच्या मालकाला थेट नाही. पण "दुसऱ्याला आड येऊ देऊ नये" हे कर्तव्य सरकारचंच आहे. ब्राझीलमध्ये २००२ साली सहा महिन्यांची गरोदर असलेली एक २८ वर्षांची कृष्णवर्णीय स्त्री आधी खासगी केंद्रात वेळेवर निदान न झाल्यानं आणि पुढच्या दिरंगाईनं दगावली. चूक खासगी संस्थेची, हा बचाव महिलांच्या कराराच्या समितीनं २०११ मध्ये मान्य केला नाही. काम दुसऱ्याकडे सोपवलं तरी जबाबदारी राज्याचीच राहते, असं तिनं सांगितलं.

आपल्याकडे १९८९ च्या परमानंद कटारा निकालानं सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरवर जखमीचा जीव वाचवण्याचं बंधन घातलं आहे. पोलीस येईपर्यंत थांबायचं नाही. महाराष्ट्रात धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१अअ आणि उच्च न्यायालयानं २००६ मध्ये मंजूर केलेली योजना लागू आहे. त्यानुसार दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. तातडीच्या रुग्णाला दाखल करताना डिपॉझिट मागता येत नाही. रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो आजारपणाआधीच काढून ठेवा. पुष्कळ रुग्णालयांच्या दर्शनी भागात "धर्मादाय" हा शब्द शोधूनही सापडत नाही, म्हणून नाव धर्मादाय आयुक्तांच्या यादीत तपासा.

बिलापोटी रुग्णाला किंवा मृतदेह अडवून ठेवण्याबद्दलही बरेच जण विचारतात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत १७ हक्क आहेत. डिस्चार्ज घेण्याचा आणि मृतदेह ताब्यात मिळण्याचा हक्क त्यांत आहे. थकलेलं बिल वसूल करायला रुग्णालयापुढे कायद्याची वाट मोकळी आहे, त्यासाठी माणूस तारण ठेवता येत नाही.

९. आम्ही दोडामार्गचे. आम्हाला गोव्यातलं मोठं सरकारी रुग्णालय जवळ. परराज्यातले म्हणून जादा शुल्क घेतलं तर तो भेदभाव का?

२०१८ च्या सुरुवातीला गोव्यानं बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा दोडामार्ग, सावंतवाडीकडे मोठं आंदोलन झालं होतं. हा प्रश्न तेव्हापासून येतो.

कराराकडून पाहिलं तर दोन गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत. अनुच्छेद २८ म्हणतो की करार संघराज्याच्या सर्व भागांना सारखाच लागू आहे. आणि समितीच्या २००९ च्या टिप्पणी क्रमांक २० नुसार हक्क मिळणं हे माणूस कुठे राहतो यावर ठरू नये. दिल्लीत एका सरकारी रुग्णालयानं सोयी दिल्लीकरांसाठी राखून ठेवल्या, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१८ मध्ये ते परिपत्रक रद्द केलं.

पण शुल्क आणि नकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवडेल असं शुल्क घेणं करारात बसतं, गरिबाला दारातूनच परतावं लागेल असं शुल्क बसत नाही. आणि तातडीच्या वेळी शुल्काचा प्रश्न आधी येताच कामा नये. आणखी एक बाब मी सिंधुदुर्गातल्या लोकांना स्पष्ट सांगते: आपल्या जिल्ह्यात तज्ज्ञ डॉक्टर का नाहीत, हे देणं महाराष्ट्र सरकारचं आहे. ते गोव्याकडे मागून भागणार नाही.

१०. भाऊ आखातात कामाला आहे, व्हिसा संपलाय. आजारी पडला तर त्याला काहीच हक्क नाही का?

आहे. टिप्पणी १४ नुसार कागदपत्रं नसलेल्यांनाही उपचार नाकारता येत नाहीत. स्थलांतरित कामगारांच्या १९९० च्या करारात, जीव वाचवण्यासाठी तातडीचे उपचार केवळ वास्तव्य बेकायदा म्हणून नाकारू नयेत, असा २८ वा अनुच्छेद आहे.

अडचण अशी की हा १९९० चा करार आखाती देशांनी स्वीकारलेला नाही, भारतानंही नाही. अनुच्छेद १२ चा मूळ करार कुवेत, बहारीन, कतार यांना लागू आहे, सौदी अरेबिया आणि अमिरातीला नाही. म्हणून व्यवहारात आधी भारतीय दूतावासाकडे लेखी मदत मागा. तिथे अडचणीतल्या भारतीयांसाठी कल्याण निधी असतो. अर्जाची प्रत इथल्या घरच्यांकडेही असू द्या.

११. अमेरिकेनं तर हा करार स्वीकारलेलाच नाही. मग तिथे काय?

अमेरिकेनं १९७७ मध्ये सही केली, पण अजून मान्यता दिलेली नाही, त्यामुळे अनुच्छेद १२ तिला बांधत नाही. तरी १९८६ च्या तिथल्या कायद्यानुसार रुग्णालयाच्या तातडी विभागात आलेल्याला, विमा असो नसो, तपासून स्थिर करावंच लागतं. बिल नंतर येतं, आणि जबरदस्त येतं. नातेवाईकांकडे जाणाऱ्या आईवडिलांनी प्रवास विमा घेतल्याशिवाय निघू नये.

१२. तुरुंगातल्या माणसाला कशाला हवा हा हक्क?

कारण तो स्वतः उठून डॉक्टरकडे जाऊ शकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांनुसार बाहेरच्या समाजात मिळतात त्याच दर्जाचे उपचार कैद्याला मोफत मिळाले पाहिजेत. शिक्षा म्हणून स्वातंत्र्य घेतलेलं असतं, आरोग्य घ्यायची परवानगी कुणालाच नाही.

१३. साथ आली की सरकार लोकांना कोंडून ठेवतं. ते चालतं का?

काही वेळा चालतं. साथ रोखणं हे अनुच्छेद १२ नंच सांगितलेलं काम आहे. पण बंधन कायद्यानं घातलेलं हवं, गरजेपुरतं आणि मुदतीचं हवं, आणि त्याहून सौम्य उपाय असेल तर तो आधी. हक्कांवर बंधनं केव्हा घालता येतात हे ठरवणारी १९८४ ची सिराक्यूझा तत्त्वं हेच सांगतात.

चुकलं तर काय होतं, हे गोव्यात घडलं आहे. १९८९ मध्ये तिथे एका तरुण रक्तदात्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तेव्हा अशा व्यक्तीला सक्तीनं वेगळं ठेवण्याची तरतूद होती. म्हापशाला क्षयरोग्यांच्या जुन्या इमारतीत त्याला ६४ दिवस पहाऱ्यात ठेवलं. एचआयव्ही हवेतून किंवा शेजारी बसल्यानं पसरत नाही, हे तेव्हाही माहीत होतं. तरी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं ती तरतूद उचलून धरली. त्याच न्यायालयाला मुंबईत १९९७ मध्ये वेगळं उत्तर सापडलं: काम करायला सक्षम असलेल्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं वेगळं ठेवण्यावर आणि भेदभावावर बंदी घातली. मधली अठ्ठावीस वर्षं रुग्णांनी आणि त्यांच्या वकिलांनी लढून काढली. मुंबईत त्या लढ्यात असलेले वकील आनंद ग्रोव्हर पुढे २००८ ते २०१४ संयुक्त राष्ट्रांचे आरोग्यहक्काचे विशेष प्रतिवेदक, म्हणजे त्या हक्कावर नजर ठेवणारे स्वतंत्र तज्ज्ञ होते.

१४. मानसिक आजार यात येतो का?

येतो, अनुच्छेद १२ मध्ये "शारीरिक व मानसिक" असे शब्दच आहेत. करारातून कायदा कसा होतो याचं भारतातलं उत्तम उदाहरणही हेच आहे. अपंग व्यक्तींच्या कराराशी जुळवून घ्यायला २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला. त्याच्या कलम १८ नं सरकारी खर्चानं चालणाऱ्या मानसिक उपचारांचा हक्क थेट लिहून दिला. शारीरिक आजारांबद्दल असं वाक्य केंद्राच्या कायद्यात अजून नाही.

१५. औषध आहे, पण किंमत ऐकूनच माणूस खचतो. पेटंटपुढे आरोग्याचा हक्क चालतो का?

चालवला तर चालतो. जागतिक व्यापार संघटनेच्या २००१ च्या दोहा घोषणेनं मान्य केलं की पेटंटचे नियम सार्वजनिक आरोग्याच्या आड येऊ नयेत. त्याचा आधार असलेलं सक्तीच्या परवान्याचं, म्हणजे पेटंटवाल्या कंपनीची संमती नसतानाही दुसऱ्या कंपनीला औषध बनवू देण्याचं साधन भारतानं एकदा वापरलं, ते मुंबईतच. मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगावरच्या सोराफेनिबचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी नॅटको कंपनीला ते ८,८०० रुपयांत विकायचा परवाना दिला. पेटंट ज्यांचं होतं त्या बायर कंपनीनं त्याला आव्हान दिलं, पण २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. यात मूळ कंपनीला विक्रीवर मानधन मिळतं, औषध हिसकावून घेतलं जात नाही.

१६. एकाच मुलाच्या दुर्मीळ आजारावर लाखो रुपये सरकारनं का घालावेत? तेवढ्यात शेकडो मुलं वाचतील.

हा प्रश्न क्रूर नाही, प्रामाणिक आहे. २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर एका रिक्षाचालकाचा मुलगा होता, गॉशे या आनुवंशिक आजाराचा. न्यायालयानं पैशांची अडचण मान्य केली. तरी औषध उपलब्ध असताना केवळ गरिबीमुळे मूल मरू देता येणार नाही, असं म्हणून मोफत उपचारांचा आदेश दिला. डर्बनच्या निकालाशी (प्रश्न ५) हे ताडून पाहा. दोन्ही न्यायालयांना तीच अडचण दिसत होती, उत्तरं वेगळी आली. मला स्वतःला वाटतं की अशा मुलांसाठी वेगळा निधी असावा, म्हणजे एका मुलाला दुसऱ्या मुलासमोर उभं करायची वेळ येणार नाही.

१७. तक्रार करायची कुठे? संयुक्त राष्ट्रांकडे करता येते का?

वैयक्तिक तक्रार नाही. त्यासाठीचा पूरक करार २०१३ मध्ये लागू झाला, पण भारत त्यात नाही. विशेष प्रतिवेदकांना पत्र लिहिता येतं, ते सरकारकडे विचारणा करू शकतात, आदेश देऊ शकत नाहीत. संघटनांना देशाच्या आढाव्याच्या वेळी समांतर अहवाल पाठवता येतो.

तुमचं काम बहुधा इथेच होईल. सरकारी दवाखाना असेल तर वैद्यकीय अधीक्षक, मग जिल्हा आरोग्य अधिकारी किंवा जिल्हा शल्यचिकित्सक. सरकारी सेवकाची हयगय असेल तर राज्य मानवी हक्क आयोग, तिथे घटनेपासून एका वर्षाच्या आत तक्रार द्यावी लागते. धर्मादाय रुग्णालय असेल तर धर्मादाय आयुक्त. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्ती यांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

"खाट नाही" हे तोंडी ऐकून निघू नका. केसपेपरवर वेळेसह लिहून मागा. लिहून दिलं नाही, तर कुणी, किती वाजता, काय म्हटलं ते त्याच दिवशी वहीत लिहा आणि सोबतच्या माणसाची सही घ्या. "बाहेरून आणा"च्या चिठ्ठ्या मेडिकलच्या बिलांसह पिशवीत जपून ठेवा. कार्यालयात झेरॉक्स द्या, मूळ कागद देऊ नका, आणि आपल्या प्रतीवर शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.